भिंतीपलीकडचा बत्ता

भिंतीपलीकडून आवाज आला नाही तेव्हा नेटाला आधी रागच आला.

शनिवार होता, गॅसवर बटाटे रटरटत होते, खिडकीची काच वाफेनं पांढरी झाली होती आणि विल्मा गप्प. म्हणजे मुद्दाम! दर शनिवारी आधी विल्मानं सुरू करायचं हे ठरलेलं. आता कुणी बसून ठरवलं नव्हतं, दोघी एकमेकींशी बोलतच नव्हत्या तर ठरवणार कुठून, पण ठरलेलं होतं. दुपारी बाराच्या सुमाराला पलीकडच्या स्वयंपाकघरात लाकडी बत्ता भांड्यात पडायला लागायचा, धप्, धप्, धप्. तिचे दणके नीट मोजून घ्यायचे, ती दमत चालली असा अंदाज आला की इकडे नेटा आपला बत्ता उचलायची आणि असे काही बटाटे चेचायची की कपाटातल्या बशा थरथरायच्या. मग पलीकडून अजून जोरात. मग इकडून अजून. शेजारची पोरं म्हणायची, म्हाताऱ्यांची मॅच सुरू झाली.

गिरणीमागच्या त्या दगडी घरांच्या ओळीत सगळ्यांना माहीत होतं की नेटा टेल्फर आणि विल्मा टेल्फर बोलत नाहीत. भावजय आणि नणंद, मधे एक भिंत. स्कॉटलंडमधल्या त्या अख्ख्या हॉइक गावाला माहीत होतं म्हटलं तरी चालेल, कारण दोघींनी आख्खा जन्म त्याच गिरणीत काढलेला. नेटा स्वेटरला गळे जोडायची. म्हणजे गळपट्टीचा एकेक टाका गोल चक्रावरच्या बारीक सुयांवर चढवायचा, एक टाका चुकला की सगळा गळा उसवायचा. विल्मा रफूला होती. गिरणीत प्रत्येकाला टोपणनाव असायचंच, बापाचं नाव विसरतील पण ते नाही. विल्माला सगळे भोंगा म्हणायचे, कारण मशीनच्या खडखडाटात पण हिचा आवाज पलीकडच्या खात्यात जायचा. नेटाला म्हणायचे चिमणी.

आणि गंमत म्हणजे आधी या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी! विल्मानंच एका शनिवारी नेटाला हाताला धरून घरी नेलं होतं, चल, माझ्या आईच्या हातचे थम्प्स खा म्हणून. रंबलडीथम्प्स हे त्याचं पूर्ण नाव, पण भूक लागल्यावर एवढं लांब नाव कोण घेतं. बटाटे, कोबी, कांदा आणि लोणी, बस्स. तिथे टेबलाच्या टोकाला विल्माचा भाऊ वॉट बसला होता, रग्बी खेळून आलेला, कानाला चिखल. नेटानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा तो हसला. पुढच्या वर्षी लग्न झालं. सासूनं तिला थम्प्स शिकवले, बत्ता हातात दिला. फक्त एकच गोष्ट नेटानं स्वतःच्या घरात स्वतःच्या मनानं केली. वरून चेडर चीज किसून टाकलं आणि ओव्हनमध्ये लालसर होऊ दिलं. विल्माच्या आईकडे चीज नव्हतं चालत. नुसतं लोणी.

त्याच चीजवरून सगळं बिनसलं. वॉट गेला, अचानकच गेला, हृदय. दफनानंतर सगळे चर्चच्या हॉलमध्ये चहाला जमले आणि नेटानं त्याच्या आवडीचे थम्प्स करून आणले होते, दोन मोठी भांडी, रडत रडत केलेले. विल्मानं एक घास घेतला, ताटली खाली ठेवली आणि त्या भोंग्याच्या आवाजात सगळ्यांसमोर म्हणाली, "माझा भाऊ जन्मभर हे चीज खरवडून बाजूला काढत होता. हिला कधी दिसलं पण नाही."

सगळ्यांच्या नजरा त्या दोन भांड्यांवर.

नेटा काही बोलली नाही. चिमणीच ती. घरी आली, दार लावलं आणि त्या दिवसापासून विल्माशी एक शब्द नाही. किती वर्षं झाली ती मोजायची नाहीत असं तिनं ठरवलं होतं. पण रात्री झोप लागली नाही की डोक्यात तेच. खरंच बाजूला काढत होता का वॉट? आपल्या समोर तर खायचा. मग आपण उठून चहा ठेवायला गेलो की काढत असेल का? एवढा संसार केला आणि एवढं साधं आपल्याला कळू नये? माणूस गेल्यावर त्याला विचारणार तरी कसं.

तर तो शनिवार.

कांदा-कोबी लोण्यात मऊ झाला होता. कोबी बारीक चिरलेला, लाल होऊ द्यायचा नाही, नुसता चकचकीत आणि लुळा. बटाटे शिजले. तिनं पाणी काढून भांडं परत गॅसवर ठेवलं, आतली ओल सुकेपर्यंत हलवलं. आता चेचायचे ते गरम असतानाच, थंड बटाट्याचा चिकट गोळा होतो आणि तो घशात अडकतो. बत्ता हातात घेतला आणि थांबली. पलीकडे काहीच नाही.

"चालू कर ना बाई," ती भिंतीला म्हणाली. म्हणजे भिंतीशी बोलायला तिची हरकत नव्हती.

थोडा वेळ थांबली. भांड्यातली वाफ कमी होत चालली. तिनं कान भिंतीला लावला. भांड्याचा आवाज नाही, नळ नाही, रेडिओ नाही. विल्माचा रेडिओ नाही? शनिवारी रग्बीच्या मॅचच्या आधी ती बाई रेडिओवरच्या माणसांना शिव्या घालते!

तिनं बत्ता उचलला आणि भिंतीवर हाणला. धप्. धप्. धप्. थांबली. परत तीनदा.

काही नाही.

फोन करावा तर नंबर नव्हता. भिंतीपलीकडच्या माणसाचा नंबर कोण घेऊन ठेवतं? नेटा तशीच एप्रनवर, हातात बत्ता, मागच्या अंगणात गेली. मागची अंगणं सगळ्यांची एकच, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या एकात एक गेलेल्या. विल्माच्या मागच्या दाराला धुरकट काच होती, आतलं काही दिसायचं नाही. तिनं हळूच मूठ फिरवली. कुलूप!

आता हे वाचून कुणाला काही वाटणार नाही, पण त्या ओळीत मागचं दार कुणी लावत नाही. कधीच नाही. गावाला जाताना सुद्धा नाही. मागच्या दाराला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्यांना चोर म्हणणं. विल्मानं भांडणानंतर सुद्धा कधी लावलं नव्हतं.

तिनं दार ठोठावलं. हाक मात्र मारवेना. तोंडात नाव आलं, दातापर्यंत आलं आणि तिथेच बसलं.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून डॉड नॉबल चालला होता, गळ्यात हिरवा मफलर, मॅचला निघालेला. हा ओळीतल्या शेवटच्या घरातला, पूर्वी पोस्टमन होता आणि त्याची सगळ्यांच्या घरात डोकवायची सवय पेन्शनीतही गेलेली नव्हती.

"नेटा! तू? आणि तिच्या दारात? आणि हातात सोटा?" तो कुंपणाला रेलला. "आज खून पडणार बहुतेक. मॅच सोडून इथेच थांबतो."

"गप रे. तिला बघितलंस का? आज, काल?"

"भोंग्याला? नाही बुवा." मग तो जरा गंभीर झाला. "थांब. गुरुवारी संध्याकाळी इथे कोपऱ्यावर अँब्युलन्स उभी होती. मला वाटलं पलीकडच्या रस्त्यावरच्या कुणासाठी असेल. तुला नाही दिसली?"

"मी जेडबर्गला होते, बहिणीकडे. काल रात्री आले." नेटाचा आवाज एवढासा झाला. "डॉड, गुरुवारी अँब्युलन्स आली आणि तू कुणाला विचारलं नाहीस? तू? लोकांची पाकिटं उजेडात धरून बघणारा तू?"

"अगं चहा घेत होतो..."

त्याचं पुढचं तिनं ऐकलंच नाही. तिच्या डोळ्यांसमोर विल्मा जिन्याखाली पडलेली होती. गुरुवारपासून. आणि आपण काल रात्री आलो, हात-पाय धुतले आणि खुशाल झोपलो, मधे फक्त एक भिंत. आणि सकाळी उठून बटाटे सोलले, आणि वर तिचाच राग केला! आता हिला काही झालं असेल तर मी शनिवारी कोणासाठी चेचायचं? हा विचार तिला इतका स्पष्ट आला की तिची तिलाच लाज वाटली. पण खरं होतं. आख्ख्या आठवड्यात तिच्याशी कुणी बोलत असेल तर ती भिंत.

"विल्मा!" ती ओरडली. चिमणीचा आवाज एवढा मोठा असेल हे डॉडलाही माहीत नव्हतं, त्यानं टोपी धरली. "विल्मा! दार उघड! विल्मा!"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"आहे, आहे आत कुणीतरी!" डॉड कुंपणावरून पाय टाकायला लागला आणि त्याचं पोट मधेच अडकलं. "थांब, मी येतो, खांदा देऊन दार..."

त्याची वाट बघायला नेटाला वेळ नव्हता. तिनं तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि बत्ता काचेवर हाणला. खळ्ळकन काच आत पडली. आतून जी किंकाळी आली ती टेव्हिअट नदीच्या पलीकडे गेली असेल.

"चोर! चोर! डॉड! पोलीस!"

भोंगा! चालू! अहाहा! नेटा पायरीवर मटकन बसली, बत्ता मांडीवर आणि हसतेय की रडतेय ते तिचं तिला कळेना.

"चोर नाही, नेटा आहे!" कुंपणावर अडकलेला डॉड ओरडला.

आतून: "कोण नेटा?"

"कोण नेटा म्हणे!" नेटा उठली. एप्रनमध्ये हात गुंडाळून तिनं फुटक्या काचेतून आत घातला, किल्ली फिरवली आणि आत गेली.

स्वयंपाकघराच्या मधोमध विल्मा उभी होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर. केस दोन दिवस न विंचरलेले. लोकरी जाकिटाचं खालचं बटण वरच्या काजात. आणि डावा हात पाठीमागे.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इतक्या जवळून बघितलंच नव्हतं इतक्या वर्षांत. दोघींनाही एकच धक्का बसला असणार, अरे, ही केवढी म्हातारी झाली!

"माझी काच फोडलीस," विल्मा म्हणाली.

"तू मेलीस असं वाटलं मला!"

"मी का मरू?"

"मग ठोकत होते तेव्हा उत्तर का नाही दिलंस? भिंत पडायची बाकी राहिली!"

"उत्तर?" विल्माचा आवाज चढला. "हात मोडून बसलेय मी! बटाटा धरता येत नाही आणि तू पलीकडून धपधप, धपधप! भांड्यात पण नाही, सरळ भिंतीवर! मला वाटलं तुला कळलं माझ्या हाताचं आणि तू चिडवतेयस."

"चिडवतेय?" नेटाचं तोंड उघडंच राहिलं. "मी विचारत होते!"

"भिंतीवर ठोकून कोण विचारतं?"

"आणि हाका मारल्या त्या?"

"त्यानं तर मी जास्तच घाबरले. तू माझं नाव घेतेयस म्हणजे नक्की कुणीतरी मेलं असणार."

नेटा खुर्चीवर बसली. बत्ता टेबलावर ठेवला. विल्मा बघत होती, आणि तिचाही आवाज जरा खाली आला, म्हणजे तिच्या मानानं खाली. सांगायला लागली. गुरुवारी पडदे काढायला स्टुलावर चढली, स्टूल सरकलं, मनगटाची दोन हाडं. अँब्युलन्सवाल्या पोराला बजावलं होतं की भोंगा वाजवायचा नाही आणि शेजारी सांगायचं नाही.

"का पण?"

"तुला कळलं असतं म्हणून."

"आणि दाराला कुलूप? आपल्या ओळीत? विल्मा, कुलूप?"

विल्मा एक पाऊल मागे सरकली. डावा हात अजून पाठीमागेच. आणि मग नेटाला तो वास आला. ओव्हनमधून येत होता. लोण्याचा, कोबीचा आणि त्यावर... तिनं नाक वर केलं. परत हुंगलं.

"हे काय आहे?"

"काही नाही."

"विल्मा टेल्फर, हे चीज आहे."

"काही नाही म्हटलं ना!"

"पाठीमागे काय आहे?"

एवढ्यात डॉड कसाबसा सुटून दारात आला होता, मफलर कुंपणावर ठेवून. विल्मा खुर्चीवरच्या नेटाकडे वळलेली, त्यामुळे त्याला मागून सगळं दिसत होतं. "खोका आहे," तो म्हणाला. "सुपरमार्केटमधला. वर थम्प्सचं चित्र आहे. छान आहे चित्र."

विल्मानं खोका टेबलावर टाकला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि एवढी मोठी हाडं मोडली तेव्हा जी रडली नाही तिच्या डोळ्यात आता पाणी आलं. "मग काय करू?" ती म्हणाली. "एका हातानं चेचून बघितलं. भांडंच फिरतं गोल गोल. शनिवार आहे. काहीतरी खायला नको? आई असती तर मला घराबाहेर काढलं असतं. म्हणून कुलूप. कुणी मागनं यायचं आणि बघायचं की टेल्फरांच्या घरात विकतचे थम्प्स..."

नेटा हसायला लागली. थांबवता येईना. त्या हसण्यात मघापासूनची सगळी भीती होती, ती एकदम सुटली आणि नाकातोंडातून बाहेर यायला लागली. जिन्याखाली पडलेली विल्मा, अँब्युलन्स, कान लावून बसलेली ती शांतता, सगळं होतं त्याच्यात. विल्मा आधी चिडली, काय दात काढतेस म्हणाली, मग तिचाही ओठ हलला आणि मग भोंगा असा काही हसला की डॉडनं परत टोपी धरली.

ओव्हन वाजला. नेटानंच भांडं काढलं. तीन ताटल्या काढल्या, कपाट तेच होतं, ताटल्या त्याच जागी होत्या, सासूच्या वेळेपासून. डॉडला मॅचला उशीर होत होता, पण तो बसला.

"गोड आहे," पहिला घास घेऊन नेटा म्हणाली. "थम्प्समध्ये साखर कोण घालतं?"

"आणि पचपचीत," विल्मा डाव्या हातानं काटा कसाबसा धरत म्हणाली. "मशीननं चेचलेलं. गुठळी नाही एक पण."

"मला तर बरं लागतंय," डॉड म्हणाला आणि दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढचा घास घाईघाईनं गिळला.

नेटाला आता खूप भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नाही. तिनं भांडं जवळ ओढलं आणि कडेनं वरचा लालसर पापुद्रा काट्यानं सोलून घेतला, चीज सगळ्यात करकरीत जिथे झालं होतं ते.

"अगं ए!" विल्मा ओरडली. "वरचं वरचं सगळं तूच? अगदी वॉट आहेस! तोही असाच, आधी सगळा पापुद्रा ओरबाडायचा आणि खालचे बटाटे आमच्या..."

आणि थांबली.

नेटाचा काटा हवेतच. डॉडला काही कळलं नाही, तो मीठ शोधत होता.

विल्मानं खाली बघितलं. प्लास्टरवर खरकटं लागलं होतं ते ती नखानं काढत बसली, निघत नव्हतं तरी. "तुझ्याकडून रविवारी उरलेलं घेऊन यायचा तो इथे," ती ताटलीला म्हणाली. "मुद्दाम आणायचा, मला चिडवायला."

बस्स. माफी वगैरे काही नाही, विल्मानं जन्मात कुणाची मागितली नव्हती. पण नेटाला वाटलं, कुणीतरी छातीवरचा दगड उचलून बाजूला ठेवला. आपण चहा ठेवायला उठायचो तेव्हा वॉट बाजूला काही काढत नव्हता. खातच होता. तिनं तो पापुद्रा तोंडात टाकला आणि सावकाश, डोळे मिटून चावला. विकतचा, गोड, पण काय करकरीत होता!

"माझे बटाटे थंड झाले तिकडे," थोड्या वेळानं ती म्हणाली. "तुझ्यापायी. आता उद्या तव्यावर परतायचे. उद्या तू येशील तिकडे."

"उद्या रविवार आहे."

"मग? रविवारी तुझं तोंड बंद असतं?"

"प्लास्टर सहा आठवडे आहे," विल्मा म्हणाली, म्हणजे हो म्हणाली.

नेटा उठून तिच्यासमोर आली. "सरळ उभी राहा. हे जाकीट कालपासून असंच घातलंयस ना? लहान पोर पण असं घालत नाही." तिनं सगळी बटणं सोडली आणि खालून एकेक लावायला घेतली. विल्मा कुरकुरत होती, पण हनुवटी वर करून उभी राहिली.

तेवढ्यात दारातून गार वारा आला. डॉड बिचारा कामाला लागला होता, काचा झाडून फुटक्या जागेवर काहीतरी बसवत होता. जाता जाता मदत, मॅच तर अर्धी संपलीच होती. त्यानं टेबलावरचा तो खोका उलगडून पुठ्ठा नीट मापात दुमडला, चिकटपट्टी लावली आणि बाहेर जाऊन लांबून बघून आला.

"झकास बसलं," तो म्हणाला. "चित्र पण मस्त दिसतंय बाहेरून."

"बाहेरून?" विल्मा म्हणाली.

आणि मग तिला कळलं. अंगण सगळ्यांचं एकच. संध्याकाळी अख्खी ओळ कपडे काढायला मागे येणार.

"उलटा लाव! डॉड! मेल्या, उलटा लाव तो! चित्र आत कर!"

"हलू नकोस," नेटा म्हणाली. "दोन बटणं राहिलीत अजून."